इनारी

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात
मी खोक्यांवर पत्ते उठवतो. पत्र्याचे साचे, निळी शाई.
बावीस वर्षं हातानं जगभर हिंडलो,
पाय कुंभारीच्या पुढं फारसे गेले नाहीत.

मेचा दुसरा आठवडा. पारा चव्वेचाळीस.
एकाच नावाच्या दोन ऑर्डरी टेबलावर पडल्या.

पहिली जपानची. इनारी तिथला भाताचा देव,
पांढरे कोल्हे त्याचे जासूद,
एकाच्या तोंडात कोठाराची किल्ली.
टॉवेलच्या कोपऱ्यात तो कोल्हा विणून हवा, शेपूट उभी.

दुसरी फिनलंडची, पार वरची.
इनारी तिथं गावाचं नाव, गावाजवळच्या तळ्याचंही.
हिवाळ्यात काही आठवडे
सूर्य हजेरीच लावत नाही म्हणे.
त्यांना साधा राखाडी टॉवेल. कोल्हा नको, काही नको.

लेबल मात्र दोघांचं तेच.

मॅनेजर म्हणाला, हाच देव गेला असेल तिकडं फिरत.
मी रात्री पोराच्या फोनवर शोध शोध शोधलं.
नाही. देव तिकडं गेला नाही, तळं इकडं आलं नाही.
दोन भाषा आपापल्या अंधारात चाचपडत होत्या,
दोघींच्या हाताला तीच तीन अक्षरं लागली.

"बाई का बुवा?" लेबल शिवता शिवता
नागमणी बोद्धूलनं विचारलं.
देवाची दोन्ही चित्रं आहेत म्हटलं. दुसरं नुसतं तळं.
"तळं बाईच असणार," ती म्हणाली,
"येवढी थंडी गप सोसतंय म्हणजे."

तिला नावातली गोम ठाऊक होती.
कारखान्यात नागमणी दोन. ही विडी घरकुलातली,
दुसरी गज्जम, कन्ना चौकाकडची, कांड्या भरणारी.
एका दिवाळीला हिचा बोनस तिच्या खात्यात गेला.
ही तिच्या दारात जाऊन उभी राहिली, चप्पल न काढता.
तिनं नोटा मोजून दिल्या, शंभर कमी.
"गॅसला लागले," म्हणाली,
आणि वर शेंगाचटणीची पुडी बांधून दिली.
तेव्हापासून दोघी एकमेकींना पेरू म्हणतात.
मी कित्येक महिने फळच समजत होतो.
तेलुगूत पेरू म्हणजे नाव.
(आणि त्याच नावाच्या देशाला
सहा खोकी हातरुमाल मीच पाठवलेले.)

मग व्हायचं तेच झालं.
दुपारी लाईट गेली, शाईचा घाम आणि माझा एक झाला,
कोल्हे उत्तरेला गेले, राखाडी टॉवेल जपानला.

जपानहून नम्र भाषेत दंड आला.
तीन महिने माझ्या पगारातून कापला, तो तितकासा नम्र नव्हता.
फिनलंडचं पत्र उशिरा आलं. पोरानं वाचून सांगितलं:
हा देव आमच्याकडं नाही.
कोल्हे आहेत. बर्फातून कधी कधी दारापर्यंत येतात.
टॉवेल ठेवून घेतोय.

मी नागमणीला हे सांगितलं.
तिनं दोरा दातानं तोडला.
"आणि तोंडातली किल्ली?
भात पिकत नाही तिथं. काय उघडणार त्या किल्लीनं?"
काय सांगणार. मी म्हटलं, काहीच नाही.
"असं कसं," ती म्हणाली, "काहीतरी बंद असेलच की
त्यांच्याकडं पण."

पुढचं खोकं ओढलं.
हल्ली मी देश आधी उठवतो,
तो वाळू देतो,
मग नाव.